विजेचा हिशेब पंपघरातून सुरू होतो

(होसकोटे येथे नगरपालिका व पाणीपुरवठा कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचे कानडी स्टेशनपुरते आहे. गाडी किती वाजता, फलाट कुठला, एवढे निभते. त्यामुळे आम्ही मराठीतच बोलणार आहोत. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात मराठी आहे. बाकीच्यांना शेजारचा सहकारी समजावून सांगेल. होसकोटे म्हणजे नवा कोट. बंगळूर, कोलार यांच्याबरोबर हे गावही शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यामुळे इथे मराठीत बोलताना आम्हाला परक्या गावी आल्यासारखे वाटत नाही.

आम्हाला विषय दिला आहे ‘नगरपालिकांतील ऊर्जा व्यवस्थापन’. नाव मोठे आहे. ते ऐकून काहींच्या मनात आले असेल की हा इंजिनिअर लोकांचा विषय, यात मॅट्रिक झालेल्या युनियनवाल्याने काय सांगायचे? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही रेल्वेत लागलो ते पंपावरचा खलाशी म्हणून. गाड्यांत भरायचे पाणी, वसाहतीचे पाणी, सगळे त्या पंपघरातून जायचे. तिथे आमच्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, कारण आजचा सगळा विषय त्या चुकीत आहे.

पंपघरात एक लॉगबुक असे. दर तासाला ॲम्पियर किती, व्होल्ट किती, पंप कधी चालू केला, कधी बंद केला, हे त्यात भरायचे. पहिले काही महिने आम्ही मीटर बघून भरले. मग लक्षात आले की ते बुक कोणी वाचत नाही. महिनाअखेर सही होते आणि बुक कपाटात जाते. झाले! आम्ही पाळी सुरू झाली की आठही तासांचे आकडे एकदम भरून टाकू लागलो. कालचे आज, आजचे उद्या. एकदा नवे साहेब आले. त्यांनी बुक मागितले आणि विचारले, “तुमचा पंप पूर्वी नऊ तास चालायचा, आता तेरा तास चालतो. पाणी तर तेवढेच जाते. मग ॲम्पियर रोज अगदी सारखे कसे?” आम्ही खाली मान घातली. मग त्यांनी स्वतः मीटर बघितले. ॲम्पियर कमी निघाले. लाइन तपासली. कित्येक महिन्यांपूर्वी दुरुस्तीसाठी अर्धा बंद केलेला व्हॉल्व्ह कोणी पूर्ण उघडलाच नव्हता. पंप अर्ध्या बंद दारावर धडका देत होता आणि रोज चार तासांची वीज फुकट जात होती. दुरुस्तीला लागले फक्त व्हॉल्व्हचे चाक फिरवणारे दोन हात.

त्यात चूक आमची होती, हे आम्ही आजही मान्य करतो. पण विचार करा, ती एकट्या खलाशाची होती का? ज्या वहीला वाचणारा नाही, ती वही खोटी होणारच. आणि ज्या दिवशी वाचणारा आला, त्या दिवशी एक पैसाही खर्च न करता वीज वाचली. आम्ही तर म्हणू, ऊर्जा व्यवस्थापन ते हेच. खरी वही, ती वाचणारा माणूस, आणि वाचून झाल्यावर काहीतरी करण्याची जबाबदारी. यंत्रे आणि संगणक नंतर येतात.

मित्रहो, आता आपल्या गावाकडे येऊ. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेत बारावे परिशिष्ट आले. पाणीपुरवठा आणि रस्त्यावरचे दिवे ही नगरपालिकेची कामे त्यात नोंदलेली आहेत. नगरपालिकेची वीज मुख्यतः या दोनच ठिकाणी जाते. पाणी उचलायचे आणि रस्ता उजळायचा. ज्यांच्या हातून ती जाते ती माणसे आज इथे बसली आहेत. पंप ऑपरेटर, व्हॉल्व्हमन, वायरमन, हेल्पर.

आधी पाणी. होसकोट्याला बारमाही नदी नाही. दक्षिण पिनाकिनी आहे, पण ती पावसावर अवलंबून. तालुक्याचे भूजल शासनाच्या नोंदीतच अतिउपशाचे आहे. म्हणजे पाणी खोल बोअरमधून उचलावे लागते, आणि पातळी जसजशी खाली जाते तसतशी प्रत्येक घागरीला जास्त वीज लागते. याचा हिशेब सोपा आहे, पाठ करून ठेवा. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला, यंत्र अगदी निर्दोष असले तरी, पाव युनिटापेक्षा थोडी जास्त वीज लागते. नेमका आकडा ०.२७ युनिट. दोनशे मीटरवरून उचलायचे तर ०.५४. पण यंत्र निर्दोष कधीच नसते. बोअरचा पंप आणि मोटार मिळून निम्मी वीज कामी लावतात असे धरले, तर हजार लिटरला एक युनिटाच्या वर जाते. पंप झिजला, कॉलम पाइपला भोक पडले, तर दीडच्या पुढे.

बंगळूर शहराचे बघा. तिथले कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येते आणि तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी अशा टप्प्यांनी जवळजवळ पाचशे मीटर वर चढवावे लागते. आमच्या त्याच हिशेबाने हजार लिटरला निव्वळ चढाईचीच १.३६ युनिट वीज झाली. पाइपातले घर्षण आणि पंपाची झीज वेगळी. शहराच्या नळाला गळती लागली की ती वीज गळते, असे म्हणायला हरकत नाही. आपल्या गावातही तसेच आहे. फुटलेल्या पाइपातून गटारात गेलेले पाणी आपण विकत घेतलेल्या विजेने वर आणलेले असते. व्हॉल्व्हमनने गळती वेळेवर कळवली तर तो वीज वाचवत असतो. त्याच्या हजेरीपटावर मात्र तसे कुठे लिहिलेले नसते.

एक उदाहरण घ्या. दहा अश्वशक्तीची मोटार असलेला एक पंप आहे. दहा तासांत मीटर नव्वद युनिट पुढे सरकला आणि पाणी मिळाले नव्वद हजार लिटर. हजार लिटरला एक युनिट झाला. सहा महिन्यांनी बघता मीटर तेवढाच, नव्वद युनिट, पण पाणी साठ हजार लिटर. हजार लिटरला दीड युनिट. वीजबिल बघणाऱ्याला काही कळणार नाही, कारण बिल तेवढेच आहे. पाण्याची तक्रार ऐकणाऱ्याला वाटेल की बोअर आटला, दुसरा मारा. दोन आकडे एका ओळीत लिहिले असते तर आधी पंप वर काढून बघितला असता. नवा बोअर मारण्याआधी निदान हा एक प्रश्न विचारला गेला असता. म्हणून आम्ही म्हणतो, हजार लिटरला किती युनिट, हा आकडा प्रत्येक पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असला पाहिजे.

अडचण अशी आहे की हे दोन आकडे एका माणसाकडे नसतात. बिल येते हिशेबनिसाच्या टेबलावर. पंप चालवतो ऑपरेटर, त्याने बिल कधी पाहिलेले नसते. गळती कळते व्हॉल्व्हमनला. शिव्या खातो नगरसेवक. चौघांनी मिळून महिन्यातून एकदा एका टेबलावर बसावे, एवढी साधी गोष्ट आहे. पण बहुतेक ठिकाणी ती होत नाही. आम्ही एका नगरपालिकेत असे ऐकले की आटलेल्या बोअरच्या जोडणीचे बिल वर्षानुवर्षे भरले जात होते. बोअर बंद आहे हे ऑपरेटरला ठाऊक होते. बिल येते हे हिशेबनिसाला ठाऊक होते. दोघांनी एकमेकांना कधी विचारले नाही.

आता दिव्यांकडे वळू. शिवनसमुद्रची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले. या मुलखाला रस्त्यावरच्या दिव्याचा मोठा वारसा आहे. जुना अडीचशे वॅटचा सोडियम दिवा चोकसह सुमारे २८० वॅट खातो. वर्षाला चार हजार तास जळला तर ११२० युनिट. त्याच्या जागी ११० वॅटचा एलईडी लावला तर ४४० युनिट. बचत खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी रस्त्यावरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशात एक कोटी तीस लाखांहून अधिक दिवे बदलले गेले. आमच्या रेल्वेनेही २०१८ पर्यंत स्थानकांवरचे दिवे एलईडी केले.

पण दिवा बदलला म्हणजे व्यवस्था बदलली असे होत नाही. या भागात सूर्यास्ताची वेळ वर्षभरात जवळजवळ तासाभराने मागेपुढे होते. टायमर एकदा लावून विसरला की दिवे उजेडात जळतात. रोज दोन तास जास्त जळले तर वर्षाला ७३० तास होतात. दिवा कितीही नवा असो, बटण बघणारा हवा. आणि दिवा बंद पडला तर? पूर्वी वायरमन शिडी घेऊन यायचा. एका गावात सगळे दिवे बाहेरच्या कंत्राटात गेले, जुन्या वायरमनांना दुसऱ्या कामावर टाकले. मग एक अख्खी गल्ली अंधारात राहिली. रात्रपाळीहून येणाऱ्या बायका मोबाइलच्या उजेडात घरी जात होत्या. तक्रारीचा नंबर होता, पण खांबाचा क्रमांक कोणाला माहीत नव्हता. कागदावर त्या महिन्यात विजेची बचत दिसली असेल! अंधाराला बचत म्हणायचे असेल तर मग सगळेच दिवे बंद करा. आमचे म्हणणे असे की दिव्यांच्या हिशेबात दोन रकाने हवेत. किती युनिट जळले, आणि किती दिवे किती रात्री बंद होते. दुसरा रकाना नसलेला हिशेब आम्ही मानत नाही.

काही सहकारी म्हणतील, वीज वाचवण्याच्या गोष्टी आल्या की आमच्या नोकऱ्यांवर येते. ही भीती खोटी नाही. वाफेची इंजिने गेली तेव्हा आमचे लोको शेड रिकामे झालेले आम्ही पाहिले आहेत. टायमर आला की बटण दाबणारा जातो, हे आम्हालाही कळते. पण यावर दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, वीजबिल हे कामगाराच्या पगाराचे वैरी आहे. नगरपालिकेची तिजोरी एकच. बिल थकले की वीज कंपनी जोडणी तोडायची नोटीस काढते, आणि मग ‘पैसे नाहीत’ हे उत्तर कोणाला मिळते? कंत्राटी ऑपरेटरला. त्याचा पगार तीन महिने पुढे जातो. फुकट गेलेली वीज ही मालकाची काळजी आणि आपण फक्त मागणीपत्र द्यायचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ज्या पैशातून आपल्याला कायम करायचे तो पैसा त्या अर्ध्या बंद व्हॉल्व्हमधून जात असतो.

दुसरी गोष्ट, ही विद्या कामगाराच्या हातात आहे. नव्या तीन फेजच्या विद्युत इंजिनात ब्रेक लावताना वीज परत तारेत जाते आणि ती मीटरवर दिसते. इंजिन तेच, गाडीचे वजन तेच, मार्ग तोच, तरी दोन लोको पायलटांच्या हातून युनिट वेगळे लागतात. कुठे खेच सोडायची, कुठे गाडी आपल्या वेगाने धावू द्यायची, हे हाताला कळते. पंपाचेही तेच. बेअरिंग आवाज करू लागले, ग्लँडमधून पाणी जास्त उडू लागले, मोटारीला हात लावला तर चटका बसू लागला, हे पंपाशेजारी उभ्या राहणाऱ्याला आधी कळते. अहवाल लिहिणाऱ्याला नंतर. ज्याला दर अकरा महिन्यांनी काढून टाकतात, तो हे कशाला शिकेल आणि शिकला तर कोणाला सांगेल? कायम कामगार हाच नगरपालिकेचा सर्वांत स्वस्त मीटर आहे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो.

आता कायदा आणि योजना काय म्हणतात ते बघू. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो आला. या कायद्याखाली जे मोठे ग्राहक नेमले जातात, त्यांना ऊर्जा व्यवस्थापक ठेवावा लागतो. रेल्वे त्यांच्यात मोडते. लहान गावच्या नगरपालिकेवर अशी सक्ती नाही. ब्युरोने २००७ साली नगरपालिकांसाठी कार्यक्रम काढला. १७५ शहरांची पाहणी झाली आणि १३४ ठिकाणी सविस्तर प्रकल्प अहवाल तयार झाले. अहवाल हवेतच. पण अहवाल म्हणजे एका दिवसाचा फोटो. व्यवस्था रोज चालावी लागते. २०११ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ५०००१ क्रमांकाचे मानक काढले आणि २०१८ साली ते सुधारले. त्याचा गाभा चार शब्दांत सांगता येतो. ठरवा, करा, तपासा, सुधारा. आणि पुन्हा पहिल्यापासून. एक धोरण लिहून काढायचे, आजचा वापर मोजून आधार ठरवायचा, लक्ष्य ठेवायचे, जबाबदार माणूस नेमायचा आणि वरिष्ठांनी ठरल्या वेळी आढावा घ्यायचा. आमच्या पंपघरात त्या नव्या साहेबांनी हेच केले होते. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते एवढेच.

पैशाचा प्रश्न राहतो. बाहेरची कंपनी म्हणते, यंत्रे आम्ही बसवतो, बचतीतून आमचे पैसे सात वर्षे द्या. काही ठिकाणी हे चालले, काही ठिकाणी नगरपालिकांनी हप्ते थकवले आणि दिव्यांची देखभाल रखडली. दुसरा रस्ताही आहे. जर्मनीत स्टुटगार्ट नावाचे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने १९९५ साली घरातच एक निधी काढला. नगरपालिकेचेच एक खाते दुसऱ्या खात्याला पैसे देते, त्यातून शाळेची, हॉस्पिटलची, पाण्याची यंत्रे सुधारतात. विजेच्या, इंधनाच्या बिलात जे वाचते ते त्या निधीत परत येते आणि पुढच्या कामाला जाते. कंत्राटदार मध्ये नाही, नफा बाहेर जात नाही. स्टुटगार्ट श्रीमंत शहर आहे, होसकोट्याची त्याच्याशी बरोबरी नाही, हे आम्हाला कळते. पण पहिल्या वर्षी व्हॉल्व्ह उघडून, बंद बोअरच्या जोडण्या तोडून, टायमर नीट लावून, पॉवर फॅक्टरचा दंड थांबवायला कपॅसिटर बसवून जे वाचेल, त्याला श्रीमंती लागत नाही. ते वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून दुसऱ्या वर्षी झिजलेले पंप बदला. बियाणे राखून ठेवणारा शेतकरी हेच करतो.

म्हणून या अभ्यासवर्गापुढे आम्ही काही मागण्या ठेवतो. आपण त्यांवर चर्चा करावी आणि पटल्या तर ठराव करून नगरपालिकेला द्यावा.

१. नगरपालिकेच्या प्रत्येक वीज जोडणीची, आर. आर. नंबरासह, यादी करावी. जोडणी कुठल्या पंपाची, कुठल्या दिव्यांची, आज चालू की बंद, हे ऑपरेटर व वायरमन यांना बरोबर घेऊन जागेवर जाऊन तपासावे.

२. प्रत्येक पंपावर विजेचा आणि पाण्याचा असे दोन्ही मीटर असावेत. लॉगबुक कानडीत, ऑपरेटरला सहज भरता येईल असे असावे.

३. हजार लिटरला किती युनिट, आणि किती दिवे किती रात्री बंद, हे दोन आकडे दर महिन्याला सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत आणि कार्यालयाच्या फलकावर लावावेत.

४. एका अधिकाऱ्यावर ऊर्जेची जबाबदारी लेखी द्यावी. त्याच्या मासिक बैठकीत पंप ऑपरेटर, व्हॉल्व्हमन, वायरमन आणि हिशेबनीस यांचा प्रत्येकी एक माणूस बसावा.

५. वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात जमा करावी. तिच्यातून पहिला खर्च हातमोजे, सेफ्टी बेल्ट, चांगली शिडी आणि अर्थिंगवर व्हावा.

६. खांबावर आणि पंपघरात काम करणारा माणूस कंत्राटदाराचा नसावा. कर्नाटकात पौरकार्मिकांनी लढून कंत्राटदाराला मधून काढले आणि थेट पगार मिळवला. पाणीपुरवठ्याच्या कामगारांनाही तोच न्याय मिळावा.

७. खरा आकडा लिहिला म्हणून कोणालाही शिक्षा होऊ नये.

या सातव्या मागणीला आम्ही सर्वांत जास्त वजन देतो. आमच्या त्या साहेबांनी त्या दिवशी आमच्यावर आरोपपत्र काढले असते, तर पंपघरातल्या सगळ्यांनी एकच धडा घेतला असता, की आकडे आणखी सफाईने खोटे भरावेत. त्यांनी तसे केले नाही. ते म्हणाले, “उद्यापासून मी रोज सकाळी हे बुक वाचणार आहे.” आणि खरोखर वाचू लागले. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही मीटर बघून लिहू लागलो. कोणी वाचते आहे म्हटल्यावर आपल्या कामाला किंमत आहे असे वाटते. पगारवाढीची मागणी आम्ही आयुष्यभर करत आलो आणि करत राहू. पण हे समाधान पगारात मिळत नाही, ते वेगळे आहे.

नगरपालिकेने ठराव आज केला नाही तरी वही सुरू करायला ठराव लागत नाही. उद्या पाळीवर जाल तेव्हा शंभर पानी वही विकत घ्या. तारीख, वेळ, युनिट, पाणी, चार रकाने आखा आणि खरे लिहा. महिनाअखेर सगळ्या पंपघरांच्या वह्या युनियनच्या कचेरीत आणा. सुरुवातीला वाचणारा कोणी नसेल तर आपण एकमेकांच्या वाचू. तीन महिन्यांनी त्या घेऊन आपण नगरपालिकेच्या दारात जाऊ, तेव्हा आपल्या हातात घोषणांबरोबर आकडेही असतील. आणि ज्याच्या हातात खरा आकडा आहे, त्याला ‘तुला काय कळते’ असे म्हणणे कोणालाही जड जाते.

 आता प्रश्न विचारा. आम्हाला येतील त्यांची उत्तरे देऊ. न येतील ती तुमच्यातला एखादा जुना ऑपरेटर देईल, याची आम्हाला खात्री आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!